कुंडीतील ‘शमी’ला गुलाबी-पिवळी फुले आली आहेत, हे झाड नक्की कोणते?

अंगणवेल (मांजलपूर, वडोदरा)

नमस्कार. शहरातील एका रोपवाटिकेतून गेल्या वर्षी ‘शमी’ अशी पाटी लावलेले एक रोप आम्ही आणले. गॅलरीतील मोठ्या कुंडीत ते चांगले कंबरेपर्यंत वाढले आहे. सासूबाई गणपतीच्या पत्रीसाठी त्याचीच पाने घेतात आणि दसऱ्याला त्याच कुंडीसमोर शमीपूजन करावे, असा त्यांचा विचार आहे.

यंदा श्रावणात त्याला प्रथमच फुले आली आणि तेथून घरात चर्चा सुरू झाली. फूल म्हणजे बोटाएवढा एक लोंबता तुरा आहे. देठाकडचा वरचा अर्धा भाग फिकट गुलाबी, लांब लांब तंतूंचा आहे आणि खालचा अर्धा भाग गच्च, पिवळाधमक आहे. इतके देखणे फूल शमीला येते, हे घरात कोणीच ऐकले नव्हते. समोरच्या गुजराती शेजारीणबाईंचे माहेर सौराष्ट्रातले आहे. त्यांनी फुलाकडे पाहताच हा खिजडो (शमीचे गुजराती नाव) नव्हे, असे ठामपणे सांगितले. मात्र मग काय आहे, हे त्यांनाही सांगता येईना. रोपवाटिकेत विचारले असता ‘सगळे हीच शमी नेतात’ एवढेच उत्तर मिळाले.

हे झाड शमी नसेल, तर कोणते आहे? फुले नसताना खरी शमी कशी ओळखावी? आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या हद्दीला तारेच्या कुंपणालगत हीच काटेरी झुडपे ओळीने लावावीत, असे काही सभासदांचे म्हणणे आहे, ते योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पानगळ (फत्तेगंज, वडोदरा)

ताई, आपण फुलाचे वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्राची गरजच उरली नाही. हे झाड शमी नाही. ही सिगमकाठी आहे. शास्त्रीय नाव डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. शमीचे शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया. दोन्ही झाडे शेंगांच्या कुळातली, त्यातही बाभूळ, शिरीष आणि लाजाळू ज्या गटात येतात त्याच गटातली असल्यामुळे त्यांची बारीक पाने वरवर पाहणाऱ्याला सारखीच वाटतात. त्यात भर म्हणजे नावांचे उत्तरार्धही एकमेकांच्या इतके जवळ आहेत की पाटी लिहिणाऱ्याची गफलत सहज व्हावी. लिनियसने १७५३ मध्ये सिगमकाठीला ‘मिमोसा सिनेरिया’ आणि नंतर शमीला ‘मिमोसा सिनेरारिया’ अशी नावे दिली होती. म्हणजे एके काळी दोन्ही एकाच प्रजातीत (जवळच्या जातींच्या एकाच गटात) नांदत होत्या. पुढे रॉबर्ट वाइट आणि वॉकर-अर्नॉट यांनी १८३४ मध्ये दक्षिण भारतातील वनस्पतींवर लिहिताना डायक्रोस्टॅकिस ही वेगळी प्रजाती म्हणून मांडली. या प्रजातीतील बहुतेक जाती मादागास्कर बेटावरच्या आहेत. आपल्याकडची सिगमकाठी मात्र आफ्रिका आणि भारतीय उपखंड अशा फार मोठ्या पट्ट्यात मूळचीच आहे, त्यामुळे तिला परदेशी पाहुणी म्हणता येणार नाही. आपल्या कोरड्या, झुडपी रानांत ती आपोआप उगवते.

फुलाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते खरोखरच पाहण्यासारखे आहे. आपण ज्याला एक फूल म्हणता, तो अनेक बारीक फुलांचा तुरा असून तो उलटा लोंबतो. देठाकडची गुलाबी फुले वांझ असतात. त्यांच्यातील पुंकेसरांचे लांब धागे झालेले असतात आणि त्यांवर परागकण तयार होत नाहीत. कीटकांना लांबून बोलावणे एवढेच त्यांचे काम. टोकाकडची पिवळी फुले खरी फलधारणेची, आणि शेंगा त्यांनाच धरतात. एक-दोन दिवस लक्ष ठेवल्यास गुलाबी धागे फिके पडून पांढुरके होताना दिसतील. लहानशा आकाशकंदिलासारखा हा तुरा दिसतो आणि रोपवाटिकांत त्याला एवढी मागणी असण्याचे कारणही बहुधा हेच असावे. शमीचा तुरा याच्यापुढे अगदी साधा असतो. तो लांब, सडपातळ आणि टोकापासून देठापर्यंत एकाच फिकट पिवळ्या रंगाचा असून साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. श्रावणात दुरंगी तुरा आला, एवढ्यावरूनच आपला प्रश्न सुटायला हवा.

फुले नसतील तेव्हा प्रथम पान पाहावे. दोन्ही झाडांचे पान एका मुख्य दांडीचे, तिच्यावर उपदांड्यांच्या जोड्या आणि उपदांड्यांवर पर्णिका अशा रचनेचे असते. शमीच्या एका पानात उपदांड्यांच्या जोड्या बहुधा दोनच, कधी एक तर कधी तीन असतात. सिगमकाठीत मात्र पाच-सहापासून पंधरा किंवा त्याहूनही अधिक जोड्या सापडतात आणि पर्णिका इतक्या बारीक व दाट असतात की सगळे पान पिसासारखे मऊ दिसते. आपल्या कुंडीतील एक पूर्ण वाढलेले पान तोडून कागदावर ठेवावे आणि जोड्या मोजाव्यात. सिगमकाठीच्या मुख्य दांडीवर, उपदांड्या जेथे फुटतात तेथे, बारीक देठाच्या ग्रंथी उभ्या असतात; साध्या भिंगातून त्या स्पष्ट दिसतात.

त्यानंतर काटा पाहावा, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण हीच. शमीचे काटे आखूड, सरळ आणि बुडाशी रुंद असून ते दोन पेरांच्या मधल्या भागात विखुरलेले असतात. ते सालीवरचे काटे आहेत. सिगमकाठीचा काटा म्हणजे टोकाशी अणकुचीदार झालेली आखूड फांदीच असते, म्हणून त्या काट्यावरच पाने फुटलेली दिसतात. काट्यावर पान उगवलेले दिसले की ती शमी नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. शेंगांत तर गल्लत होण्याचा संभवच नाही: शमीची शेंग लांब, बारीक आणि लोंबती असते, तर सिगमकाठीच्या शेंगा पीळ पडलेल्या, वेटोळ्या आणि घोसाने एकत्र गुंतलेल्या असतात.

तिसऱ्या एका झाडाचाही उल्लेख येथे करायला हवा, कारण वडोदऱ्यात शमी म्हणून त्याच्याही फांद्या विकल्या जाताना मी पाहिल्या आहेत. ते म्हणजे गांडो बावळ, महाराष्ट्रात ज्याला विलायती किंवा वेडी बाभूळ म्हणतात. विश्वामित्रीच्या काठाने, पडीक प्लॉटांमध्ये आणि रेल्वेच्या कडेने ते सर्रास दिसते. ते मूळचे मध्य अमेरिकेकडचे असून एकोणिसाव्या शतकात भारतात आणले गेले. त्याच्या पानातही उपदांड्यांच्या जोड्या थोड्याच असल्यामुळे शमीशी त्याची गफलत सिगमकाठीपेक्षाही लवकर होते. परंतु त्याचे काटे पेरांवर, बहुधा जोडीने येतात. मधल्या भागात विखुरलेले नसतात. जुन्या पुस्तकांत ते प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा या नावाने, म्हणजे शमीचा सख्खा भाऊ म्हणून सापडेल. २०२२ मध्ये मात्र प्रोसोपिस प्रजातीची फेरमांडणी झाली आणि अमेरिकेतील या जाती नेल्टुमा या वेगळ्या प्रजातीत गेल्या. आपली शमी प्रोसोपिसमध्येच राहिली.

जुना वाडा (दांडिया बाजार, वडोदरा)

पानगळ यांनी ओळख पटवून दिलीच आहे. मी पूजेच्या अंगाने दोन शब्द लिहितो, कारण ताईंच्या सासूबाईंची खरी काळजी तीच असणार.

शमीला मान मिळाला तो दोन कारणांनी. यज्ञाचा अग्नी ज्या अरणीतून घुसळून काढायचा, ती शमीवर वाढलेल्या अश्वत्थाची असावी, असा जुना संकेत आहे. म्हणजे शमीच्या पोटी अग्नी वसतो, अशी श्रद्धा. दुसरे कारण विराटपर्वातले. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीजवळील स्मशानातल्या शमीवर बांधून ठेवली, आणि दसऱ्याचे शस्त्रपूजन व शमीपूजन या कथेशी जोडले गेले. ही कथा वाचताना एक गोष्ट नेहमी माझ्या मनात येते: गांडीवासारखी शस्त्रे फांद्यांत लपवायची, तर त्या झाडाला बुंधा हवा, उंची हवी आणि दाट शेंडा हवा. मोकळ्या जमिनीत शमीचा उत्तम वृक्ष होतो. सिगमकाठी बहुधा झुडूपच राहते किंवा फार तर लहानसे झाड होते, आणि तिच्यावर धनुष्य लपवणे अर्जुनालाही जमले नसते.

पूजेपुरते म्हणाल, तर ज्या पत्रीची खात्री नाही तिच्या जागी अक्षता वाहण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे आणि ती निःशंकपणे पाळावी. दसऱ्याला सोने म्हणून आपण वाटतो ती पाने तर आपट्याची, आणि आपटा हे तिसरेच झाड. त्याचे जोडपान कोणालाही ओळखता येते. तेथेही बाजारात कांचनाची पाने आपटा म्हणून खपवली जातात, परंतु तो विषय वेगळा. आजवर वाहिलेल्या पानांबद्दल सासूबाईंनी मनाला लावून घेऊ नये. यापुढे खऱ्या शमीची डहाळी हवी असल्यास एखाद्या जुन्या देवळाच्या आवारातील किंवा शहराबाहेरच्या शेताच्या बांधावरील झाड शोधावे, पानगळ यांनी सांगितलेल्या खुणा पडताळाव्यात आणि मालकाची परवानगी घेऊन लहानशी डहाळी आणावी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोठमोठ्या फांद्या ओरबाडून आणण्याची जी पद्धत सध्या पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही.

कोरडवाहू (वाघोडिया)

कुंपणाच्या प्रश्नावर लिहितो. माझी शेती आहे आणि बांधावर सिगमकाठी आहे, त्यामुळे तिचे गुण-दोष दोन्ही परिचयाचे आहेत.

कुंपण म्हणून ती उत्तम, यात शंका नाही. लाकूड कठीण, काटे कणखर, आणि एकदा जाळी धरली की गुरेच काय, माणूसही आत शिरत नाही. दोष असा की ती जेथे लावली तेथे राहत नाही. तिच्या मुळांना लांबवर धुमारे फुटतात. वरून तोडली तर एका बुंध्याच्या जागी चार कोंब उभे राहतात. मूळ खणताना तुकडा जमिनीत राहिला तर तोही फुटतो. शेंगा गोड असल्याने शेळ्या आणि गुरे त्या आवडीने खातात, आणि न पचलेले बी शेणातून दूरवर पोहोचते. शेतावर हे चालते, कारण दरवर्षी सरपणासाठी ती तोडली जाते आणि कोवळे कोंब शेळ्या खातात. सोसायटीत तिला तोडणारे कोण आणि खाणारे कोण? चार पावसाळ्यांत कुंपणाच्या दोन्ही अंगांना जाळी पसरेल आणि पार्किंगमध्ये पडलेले काटे दुचाकींच्या चाकांत घुसतील.

तिला मोकळे रान मिळाले म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर क्यूबाची गोष्ट पाहावी. तेथे ही आपली सिगमकाठी एकोणिसाव्या शतकात नेली गेली आणि मराबू या नावाने ओळखली जाते. १९९० नंतर सोव्हिएत मदत थांबल्यावर उसाची आणि चराईची विस्तीर्ण जमीन पडीक पडली, आणि तिच्यावर मराबूने कब्जा केला. २००७ च्या जुलैत क्यूबाचे तेव्हाचे हंगामी अध्यक्ष राऊल कास्त्रो यांनी तेथील कामाग्वे शहरातल्या जाहीर भाषणात, येताना रस्त्याच्या कडेने सर्वांत हिरवे आणि सुंदर काय दिसले तर मराबू, असा उपरोधिक टोला लगावला होता. नांगराला ती दाद देत नाही आणि हाताने काढणे परवडत नाही. शेवटी तिचा कोळसा पाडून विकण्याचा मार्ग निघाला. लाकूड जड आणि सावकाश जळणारे असल्याने त्या कोळशाला चांगला भाव येतो. जानेवारी २०१७ मध्ये क्यूबातून अमेरिकेला पन्नासहून अधिक वर्षांनी पहिली कायदेशीर निर्यात झाली, ती सिगार किंवा साखरेची नव्हे, तर मराबूच्या कोळशाची. नामिबियातही चराऊ रानात तिची दाटी होते आणि तेथेही ती तोडून कोळसा केला जातो.

आपल्या रानात ती अशी बेफाम होत नाही, कारण तिला तोडणारे, चरणारे आणि खाणारे सगळे येथे आहेत. तेव्हा ती वाईट झुडूप आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. सोसायटीच्या हद्दीला मात्र मेंदी किंवा करवंद लावावे. करवंदालाही चांगले काटे असतात, ते छाटणी सोसते, आणि उन्हाळ्यात मुलांना करवंदे मिळतील.

हिरवा कोपरा (अलकापुरी, वडोदरा)

याच झाडाचे मूळ मूतखड्यावर गुणकारी असल्याचे एका नातेवाइकांकडून ऐकले आहे. ताईंनी झाड काढून टाकण्याआधी त्या दृष्टीने विचार करावा, असे वाटते. कोणाला अनुभव आहे का?

काढा (रावपुरा, वडोदरा)

आयुर्वेदात वीरतरु म्हणून जी वनस्पती सांगितली आहे, ती सिगमकाठीच असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. सुश्रुतसंहितेतील वीरतर्वादी गण (औषधी वनस्पतींचा गट) तिच्याच नावाने सुरू होतो आणि अश्मरी (मूतखडा), मूत्रकृच्छ्र (लघवीला होणारा त्रास) अशा मूत्रमार्गाच्या विकारांत त्याचा उपयोग सांगितला आहे. म्हणून आपल्या नातेवाइकांनी सांगितले ते निराधार नाही. परंतु त्यावरून कुंडीतले मूळ उपटून घरी काढा करणे मात्र योग्य नव्हे. खडा केवढा आहे, कोठे अडकला आहे आणि मूत्रपिंडावर ताण आला आहे का, हे सोनोग्राफी केल्याशिवाय कळत नाही. अडकलेल्या खड्यावर घरगुती काढे घेत बसल्यास मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. औषध घ्यायचेच असेल, तर वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावे.

अंगणवेल (मांजलपूर, वडोदरा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पान कागदावर ठेवून मोजले. उपदांड्यांच्या जोड्या नऊ भरल्या. काट्यांवर बारीक पानेही फुटलेली आहेत, आजवर तिकडे लक्षच गेले नव्हते. सासूबाईंनी स्वतः भिंगातून पाहून खात्री करून घेतली आणि यंदा गणपतीला शमीपत्राच्या जागी अक्षता वाहायचे ठरवले. झाड काढायला मात्र त्या तयार नाहीत. फुले इतकी छान आहेत, तर राहू द्या कुंडीत, असे त्यांचे म्हणणे आहे. कुंपणाचा प्रस्ताव कोरडवाहू यांचे उत्तर सोसायटीच्या गटावर पाठवताच आपोआप मागे पडला.

आता एकच विचारायचे आहे. खरी शमी घरी वाढवायची असल्यास रोप कोठून आणावे, की बी लावावे? आणि सिगमकाठी कुंडीत कायम राहू शकेल का?

पानगळ (फत्तेगंज, वडोदरा)

नऊ जोड्या म्हणजे शंकेला जागाच उरली नाही.

सिगमकाठी कुंडीत पुष्कळ वर्षे राहील. तिला भरपूर ऊन आणि थोडके पाणी द्यावे. फुलांचा बहर ओसरल्यावर तिची छाटणी करावी आणि कुंडी जमिनीवर थेट न ठेवता खाली थाळी किंवा फरशी ठेवावी, म्हणजे मुळे तळाच्या भोकातून मातीत उतरणार नाहीत. शेंगा धरल्यास पिकण्यापूर्वी खुडून टाकाव्यात.

शमीचे म्हणाल, तर ती कुंडीत वाढवण्याच्या फंदात पडू नये. वाळवंटात टिकून राहणारे हे झाड आपली सगळी ताकद आधी मुळात घालते. त्याची सोटमुळे तीस मीटरहून खोल गेल्याच्या नोंदी आहेत. कुंडीत ते जगते, पण खुरटते. रोपवाटिकांना सिगमकाठी सोयीची वाटते, ती यामुळेच असावी, असा माझा अंदाज आहे: ती मुळांच्या तुकड्यांपासून लवकर तयार होते, लहान वयात फुलते आणि कुंडीत खूश राहते, शमीचे रोप मात्र पहिल्या एक-दोन वर्षांत गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगे काहीच करत नाही. राजस्थानात खेजडी म्हणून शेताशेतांत तिला जपतात, ते तिच्या सावलीत पीक नीट येते आणि पाला-शेंगा गुरांना व माणसांना खायला मिळतात म्हणून. तेथील भाजीतली सांगरी म्हणजे शमीचीच कोवळी शेंग. ही सगळी कामे जमिनीत उभ्या असलेल्या झाडाची आहेत.

तेव्हा सोसायटीच्या आवारात, इमारतीच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या पाइपांपासून दूर, दिवसभर ऊन मिळेल अशी एक जागा सभासदांकडून मागून घ्यावी आणि बी लावावे. शमीच्या शेंगा साधारण वैशाख-ज्येष्ठात पिकतात. जमिनीवर पडलेल्या शेंगा बहुधा भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या असतात, म्हणून झाडावरच्या पिकलेल्या शेंगा घ्याव्यात आणि भोक नसलेले बी निवडावे. बियांचे कवच कठीण असते. उकळी येऊन उतरवलेल्या पाण्यात बी टाकून ते तसेच रात्रभर भिजू द्यावे. सकाळी फुगलेले बी लावायला घ्यावे, न फुगलेल्याला पुन्हा तसेच पाणी द्यावे. रुंद कुंडीपेक्षा लांब, अरुंद पिशवी घ्यावी आणि तिच्यात वाळूमिश्रित माती भरावी. सोटमूळ पिशवीच्या तळाला वळण घेण्यापूर्वी, म्हणजे रोप वीतभर असतानाच, पावसाची पहिली सर नीट मुरल्यावर ते जमिनीत हलवावे. पहिली दोन वर्षे शेळ्या-गायींपासून आणि सोसायटीच्या माळीबुवांच्या विळ्यापासून त्याचे रक्षण करण्यासाठी भोवती जाळी लावणे आवश्यक आहे.

बी मिळवण्यात अडचण आल्यास मला निरोप पाठवावा. माझ्या पाहण्यातील एका शेताच्या बांधावर शमीचा जुना वृक्ष आहे आणि शेतकऱ्याला विचारून पुढच्या ज्येष्ठात मूठभर शेंगा आणून देता येतील.